रांजणाबाहेर आल्यावर चढणारा रंग

निळीच्या रांजणातून कापड वर येतं तेव्हा ते निळं नसतं. शेवाळलेल्या पाण्यातून काढल्यासारखं हिरवट-पिवळं असतं. रंगारी ते पाण्याखालीच पिळून घेतो, मग बाहेर काढून झटकतो आणि दोन्ही हातांनी ताणून उघडतो. वारा लागताच हिरवा विझत जातो, निळा वर येतो. मिनिटभरात अख्खं कापड पालटतं. एखादी घडी मिटलेली राहिली असेल, तर तेवढी पट्टी अजून हिरवीच सापडते. मग पुन्हा बुडवायचं, पुन्हा उघडायचं. गडद निळ्यासाठी हे वीस-वीस वेळा चालतं.

जपानमध्ये आज हाताने बनवलेल्या पिशव्यांसाठी अशी जुनी रंगकामं पुन्हा हौसेने वापरली जातात. निळीत बुडवलेलं कॅनव्हास, काकी फळाच्या रसाने रंगवलेलं सुती कापड, झाडाच्या चिकाची नक्षी उठवलेलं हरणाचं कातडं. दिसायला ही तिन्ही एकमेकांपासून फार दूरची. पण तिन्हींत शेवटचा हात रंगाऱ्याचा नसतो, हवेतल्या ऑक्सिजनचा असतो. मला या कलेतलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

निळीपासून सुरुवात करू. शिकोकू बेटावरचा तोकुशिमा प्रांत, जुनं नाव आवा, हे जपानी निळीचं माहेर. योशिनो नदीला शरदातल्या वादळांत पूर यायचे आणि भात हातचा जायचा. नीळ मात्र त्याआधीच कापून होते, आणि पुराने आणलेला गाळ पुढच्या पिकाला खत म्हणून उपयोगी पडतो. इथलं निळीचं रोप आपल्याकडच्या निळीपेक्षा वेगळ्याच कुळातलं. पण दोन्हींच्या पानांत इंडिकॅन नावाचं तेच बिनरंगी द्रव्य असतं. पान चुरगळलं की त्यातली साखर सुटते, उरलेला रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने दुसऱ्या तशाच रेणूशी जोडला जातो, आणि तयार होते नीळ.

अडचण पुढेच आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. मग ती धाग्यात शिरणार कशी?

यावरचा जपानी तोडगा फार धीराचा आहे. वाळलेल्या पानांचे ढीग मातीच्या जमिनीवर घालतात, पाणी शिंपडतात आणि साधारण दर पाच दिवसांनी सगळा ढीग खालीवर करतात. हे चालतं शंभरेक दिवस. आत पानं कुजत असतात, ढिगाचा गाभा ७० अंशांच्या आसपास तापतो, आणि अमोनियाच्या वासाने डोळ्यांतून पाणी येतं. ज्या कोठारात हे चालतं त्याचं नाव ‘नेदोको’, म्हणजे झोपायची जागा. थंडी पडली की ढिगावर गवताच्या चटया घालतात, त्यांना म्हणतात ‘फुतोन’, म्हणजे अंथरूण-पांघरूण! पानांना इतक्या मायेने निजवणारा दुसरा धंदा मला ठाऊक नाही. यातून निघतो तो ‘सुकुमो’.

हा सुकुमो रांजणात घालायचा. सोबतीला लाकडाच्या राखेचं निवळलेलं पाणी, गव्हाचा कोंडा, शिंपल्यांचा चुना, थोडी साके, म्हणजे तांदळाची दारू. मिश्रण कोमट ठेवलं की आंबू लागतं. या तीव्र अल्कधर्मी पाण्यात बहुतेक जीव तग धरत नाहीत, पण काही जिवाणूंना तेच मानवतं. ते कोंड्यावर जगतात आणि जगताना निळीच्या रेणूला इलेक्ट्रॉन देतात. नीळ मग आपला रंग सोडून पाण्यात विरघळते. रांजण लागला की वर निळसर-जांभळा फेस जमतो. त्याला ‘निळीचं फूल’ म्हणतात. आता कापड बुडवलं की विरघळलेली नीळ धाग्यात शिरते, आणि हवेत येताच तिथल्या तिथे पुन्हा न विरघळणारी होते. पाणी तिला सहजी धुऊन नेऊ शकत नाही. पण ती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडलेली नसते, नुसती अडकून बसलेली असते. म्हणून नवी गडद निळी पिशवी सुरुवातीला पांढऱ्या सदऱ्यावर घासू देऊ नये.

एकदाच बुडवलेल्या फिकट छटेला ‘कामे-नोझोकी’ म्हणतात, म्हणजे रांजणात नुसतं डोकावून आलेला निळा. तिथून पुढे ‘आसागी’, ‘हानादा’, आणि शेवटी जवळपास काळा ‘कोन’. १८७४ साली जपानला आलेला ब्रिटिश रसायनज्ञ ॲटकिन्सन रस्त्यांवरचा हा निळा पाहून चकित झाला होता. पुढे १८९७ पासून जर्मन कारखान्यातली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि रांजण ओस पडत गेले. रेणू तोच, पण शंभर दिवसांची वाट पाहणं नाही.

कोफू शहराची ‘इन्देन’ पिशवी हरणाच्या मऊ कातड्याची असते. हे नाव भारतातून आलेल्या कातड्यावरून पडलं असं सांगतात. कोरीव कागदाच्या साच्यातून तिच्यावर उरुशीचे ठिपके उठवतात. उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. आपली लाख किड्यांची, ही झाडाची. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं. परीट कपड्यांवर बिब्ब्याने न पुसणारी खूण करायचे आणि बिब्बा अंगावर उततो, त्या दोन्हींमागे उरुशीतल्यासारखीच द्रव्यं आहेत. गंमत अशी की उरुशी ‘वाळवायला’ दमट हवा लागते. चिकातलं लॅकेज नावाचं विकर ओलाव्यातच काम करतं आणि ऑक्सिजन वापरून रेणूंची जाळी विणतं. रखरखीत उन्हाळ्यात ती चिकटच राहील.

आणि तिसरी, माझी सगळ्यात लाडकी: जुन्या ‘साकाबुकुरो’ची पिशवी. साके गाळायला वापरायच्या या सुती थैल्या. काकी, म्हणजे पर्सिमॉन, हा आपल्या तेंदूचा भाऊबंद. त्याची कच्ची, घसा धरणारी फळं ठेचून रस आंबवत ठेवतात. त्यातलं टॅनिन धाग्यावर बसलं की कापड टणक होतं, पाण्याला दाद देत नाही. कोळ्यांची जाळी आणि कागदी छत्र्याही याच रसात माखायच्या. थैल्या पुन्हा पुन्हा रंगवल्या जायच्या, फाटल्या की ठिगळ लागायचं. म्हणून एकाच पिशवीवर तपकिरीचे चार-पाच थर दिसतात: ठिगळ फिकट, शिवण गडद, कोपरा जवळपास काळा. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, भडक रंगांवर बंदी असताना लोकांनी तपकिरी आणि करड्या रंगांतच इतक्या छटा शोधल्या की ‘४८ तपकिरी, १०० करडे’ अशी म्हणच पडली.

काकीचा रस नव्याने लावला की कापड फिकट बदामी दिसतं. ऊन आणि हवा लागेल तसा तो पुढे महिनोन्‌महिने गडद होत राहतो. त्यामुळे पिशवी विकणाऱ्यालाही तिचा पुरता रंग दाखवता येत नाही. घरी नेऊन खुंटीला टांगली की खिडकीकडची बाजू आधी गडद होते.