टेलिमार्क वळण आणि मागचा पाय : गुलमर्गला आमच्याकडून स्की भाड्याने घेणाऱ्यांसाठी

“मागची स्की भरकटते, बाइंडिंग सैल आहे, दुसरी जोडी द्या,” ही तक्रार (बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला जोडणारी पकड) दर हिवाळ्यात गुलमर्गला पहिल्याच सकाळी आमच्यापर्यंत येते. जोडी बदलून, बूट पुन्हा बसवून पाहण्यात पाऊण तास जातो, तोवर गोंडोलाची, म्हणजे वर नेणाऱ्या रोपवेची, रांग वाढलेली असते आणि नव्या जोडीचीही मागची स्की पहिल्यासारखीच भरकटते. गुलमर्ग किंवा औलीला प्राथमिक अभ्यासक्रम करून ज्यांना टाच बांधलेल्या स्कीवर समांतर वळणे घेता येऊ लागली आहेत, अशा ग्राहकांना ही सकाळ वाचवता यावी, म्हणून हे पत्रक दिले आहे.

नॉर्वेच्या टेलिमार्क प्रांतातील मोरगेदालच्या सोंद्रे नूरहाइम यांनी १८६८ मध्ये क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो येथे, ज्या शैलीने लोकांना चकित केले, त्या शैलीचे हे टेलिमार्क वळण आहे. यात टाच मोकळी असते, वळणाच्या बाहेरची स्की पुढे जाते, आतली मागे राहते आणि दोन्ही गुडघे वाकतात. चित्रात हे गुडघा टेकून नमस्कार केल्यासारखे दिसते, आणि बहुतेकांचा घोटाळा त्या चित्रामुळेच होतो. खाली बसायचे आहे अशा समजुतीने ग्राहक पुढचा पाय लांब फेकतात, सगळे वजन त्याच्यावर टाकतात आणि मागचा पाय नुसत्या बोटांच्या टोकावर ओढत नेतात. ज्या स्कीवर वजनच नाही, ती बर्फाच्या प्रत्येक उंचवट्यावर वाट सोडणारच. त्यात बाइंडिंगचा काही दोष नसतो. स्प्रिंग अधिक ताणली तर मागच्या चवड्यावर थोडा दाब येतो हे खरे, परंतु त्याने चूक झाकली जाते, चढताना पाऊल जड होते आणि बुटाच्या घडीवर नाहक ताण पडतो. स्प्रिंग आमच्या माणसाला विचारल्याशिवाय ताणू नये, ही आमची विनंती यासाठीच आहे.

मागचा पाय कंबरेखाली असावा, मागे लोंबकळू नये. टाच जेमतेम काही बोटे उचललेली, चवडा स्कीवर घट्ट दाबलेला आणि त्या पायाच्या करंगळीच्या बाजूची कड बर्फात रुतलेली, अशी ठेवण असली की सुमारे निम्मे वजन मागे आपोआप येते. पाय बदलताना मागचा पाय पुढे ढकलण्याऐवजी पुढचा पाय मागे ओढून घ्यावा. ही अदलाबदल सायकलच्या पेडलप्रमाणे अखंड चालू राहायला हवी. एका झटक्यात पाय बदलून पुढच्या वळणापर्यंत त्याच ठेवणीत गोठून राहणे ही त्याच चुकीची धाकटी बहीण आहे. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल, तर सौम्य उतारावर वळणाच्या मधोमध पुढची स्की क्षणभर उचलून पाहावी. तोल गेला, तर मागच्या पायावर वजन नव्हते असे समजावे. त्यानंतर एकच पाय पुढे ठेवून डावी-उजवी दोन्ही वळणे घ्यावीत. हा सराव दिसायला हास्यास्पद आहे, पण आमच्या अनुभवात याच्याइतका लवकर गुण दुसऱ्या कशानेही येत नाही.

बर्फ बदलला की या ठेवणीचे प्रमाण बदलते. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या, भुसभुशीत बर्फात दोन्ही पाय जवळ, वजन समसमान आणि अदलाबदल संथ ठेवावी, कारण तिथे जड झालेली पुढची स्की खोल बुडते आणि माणूस तोंडावर आपटतो. दाबून कडक झालेल्या किंवा वाऱ्याने घासलेल्या बर्फावर पुढच्या स्कीवर थोडे अधिक वजन देऊन तिची कड आधी धरावी आणि ठेवण आखूड करावी. मार्चच्या दुपारच्या ओल्या, जड बर्फात वजनाची अचानक हालचाल करू नये. पापुद्रा फुटून पाय आत जाणाऱ्या बर्फात मात्र हट्ट सोडावा आणि समांतर वळणे घेऊन किंवा उडी मारून दिशा बदलून बाहेर पडावे. त्यात कमीपणा काही नाही. उंचवट्यांवर आणि झाडांमध्ये उंच उभे राहून आखूड वळणे घ्यावीत. तीव्र उतारावर छाती दरीकडे ठेवावी आणि काठी टेकल्याशिवाय वळणाला सुरुवात करू नये.

पहिल्या दिवशी आम्ही कोणालाही गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगरावर नेत नाही, यावरून काही ग्राहक नाराज होतात. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की टेलिमार्कची अनेक बाइंडिंगे पडल्यावर पायातून सुटत नाहीत, आणि वरचे बहुतेक उतार सपाट केलेले नसून तिथे हिमस्खलनाचा धोका असतो. म्हणून पहिला अर्धा दिवस खालच्या उतारावर आमच्या प्रशिक्षकासोबत काढणे सक्तीचे आहे. त्याचे पैसे भाड्यातच धरलेले आहेत आणि गुडघ्यांची पॅडेही त्यातच येतात. रुंद स्की आम्ही दुसऱ्या दिवसापासून देतो, कारण अरुंद स्कीवर मागच्या पायाची चूक लगेच कळते.

नोंदणी करताना बुटाच्या मापाऐवजी उभे राहून मोजलेली पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये कळवावी, आणि ती दोन्ही पायांची वेगवेगळी द्यावी. जाड मोज्यांवर मोजे चढवून सैल बूट घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे. अशा बुटात टाच उचलताच चवडाही आत सरकतो, आणि मग मागची स्की पुन्हा भरकटते.