कच्चं सिमेंट भरून घरी गेलेल्यांसाठी

आमच्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये एक वही आहे. रूट कॅनाल, म्हणजे किडलेल्या दाढेची नस काढून आतल्या नळ्या साफ करून भरण्याचं काम, सुरू करून परत न आलेल्यांची नावं तिच्यात लिहितो. दसरा झाला, माणसं उसतोडीला निघाली की ही वही भराभर भरते. फोन केला की उत्तर ठरलेलं: "डॉक्टर, दुखंना झालं की आता, मग कशाला येऊ?" दिवसातून पाच वेळा याचं उत्तर देऊन घसा बसतो, म्हणून हा कागद छापला. वाचून झाला की फेकू नका, घरात कुणाची तरी दाढ ठणकत असतेच.

दुखणं का थांबलं?

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. त्याला संवेदना नसते. त्याच्या आत डेंटीनचा थर आणि मधोमध नस. तोंडातले जंतू गोड आणि पिठूळ खाण्यापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल कवचातला चुना विरघळवतं. कीड कवचात आहे तोवर काही कळत नाही. फार तर खडूसारखा पांढरा डाग दिसतो, आणि या टप्प्यावर फ्लोराइडनं कीड मागेही फिरू शकते. डेंटीनला पोचली की थंड-गोड झोंबतं. तेव्हा आलात तर फिलिंगवर भागतं. पण तुम्ही येता ते रात्रभर उशाशी डोकं आपटून झाल्यावर. तोवर कीड आतल्या नसेला जाऊन पोचलेली असते.

पहिल्या दिवशी आम्ही दाढ उघडून आजारी नस काढतो. ठणका थांबतो, कारण दुखायला आत काही उरलेलंच नसतं. काम मात्र निम्मंही झालेलं नसतं. खालच्या मोठ्या दाढेत साधारण तीन, कधी चार नळ्या असतात, सुईएवढ्या बारीक आणि पुष्कळदा वाकड्या. त्या फाईल नावाच्या सुयांनी घासायच्या, औषधी पाण्यानं धुवायच्या, पू असेल तर आत औषध ठेवून काही दिवस थांबायचं, मग गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरून दाढेचं तोंड कायमचं बंद करायचं. तोपर्यंत वर जे पांढरं भरलेलं असतं ते कच्चं सिमेंट. ते काढण्यासाठीच भरलेलं असतं. दोन-तीन आठवडे धरतं, मग झिजतं, कडेनं लाळ झिरपते आणि धुतलेल्या नळ्यांत पुन्हा जंतू शिरतात. या वेळी नस नाही, त्यामुळे तुम्हाला पत्ताही लागत नाही. कळतं ते एकदम गाल सुजल्यावर, नाहीतर हिरडीवर पुटकुळी येऊन पू यायला लागल्यावर.

कधी कधी डॉक्टरकडे न जाताही दुखणं थांबतं. मेडिकलवरून चार गोळ्यांची पुडी आणली, गुण आला असं वाटतं. पुष्कळ वेळा आत नस मेलेली असते, एवढंच. अँटिबायोटिकनं सूज उतरते, पण दाताला पडलेलं भोक कोणतीच गोळी भरत नाही.

मागच्या वर्षी चैत्रात धारूरकडच्या एक मावशी आल्या. दसऱ्याआधी पहिली बैठक झाली होती, मग कोयता घेऊन कारखान्यावर गेल्या. पाच-सहा महिन्यांत सिमेंट कधी निघून गेलं त्यांना कळलंही नाही. उसाच्या फडात दातानं ऊस सोलताना दाढ उभी चिरली, पार हिरडीखालपर्यंत. अशा दाढेला आम्ही काही करू शकत नाही, काढावी लागली. त्यांचे आधीचे पैसे पाण्यात गेले आणि आमचीही मेहनत. मावशी म्हणाल्या, "तवा नीट सांगितलं असतं तर." सांगितलं होतं, पण बैलगाडीत सामान भरायची घाई असताना तोंडी सांगितलेलं किती ध्यानात राहणार, हेही खरंच. तेव्हापासून आम्ही कार्डावर लाल पेनानं "काम अपूर्ण" लिहून देतो.

"चकरा का मारायला लावता?"

हा टोमणा आम्ही ऐकतो. ज्या दाढेत पू नाही आणि नस जिवंत आहे ती बरेचदा एका बैठकीत करून देतो. पू असेल तर घाईनं बंद करणं म्हणजे वारुळाचं तोंड लिंपण्यासारखं, आतला नाग आतच राहतो. एक्स-रे दोन-तीन वेळा काढतो तो नळीची लांबी मोजायला आणि भरण मुळाच्या टोकापर्यंत पोचलं का ते बघायला. न बघता भरलं तर तुमचा एक्स-रेचा खर्च वाचेल, दाढ नाही.

पैसेही आम्ही सगळे पहिल्या दिवशी घेत नाही, बैठकीगणिक घेतो. कॅपचे, म्हणजे दाढेवर बसवायच्या टोपीचे वेगळे, कारण ती लॅबमधून बनून येते. "कॅप नंतर बघू" म्हणणाऱ्यांना हात जोडून विनंती: किडीनं आणि कामानं पोखरलेली दाढ तकलादू झालेली असते. हुरड्यातला एखादा खडा, भाजलेले फुटाणे, सुपारी, एवढंही पुरतं. मागच्या दाढेला सिरॅमिकच हवी असं नाही, धातूची साधी कॅप वर्षानुवर्षं टिकते आणि स्वस्त पडते. हे आम्ही न विचारता सांगतो. खर्च अगदीच झेपत नसेल तर संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जा, पण काम पूर्ण करा.

आणि "काढूनच टाका" म्हणणाऱ्यांना: वाचणारी दाढ आम्ही काढत नाही. एक काढली की शेजारची कलते, समोरची लांबते, भाकरी एकाच बाजूनं चावावी लागते.

घरचे उपाय

लवंगाचं तेल कापसावर घेऊन रात्र काढा, हरकत नाही. पण ते नस बधिर करतं, कीड मारत नाही, आणि जास्त लावलं तर हिरडी भाजते. डोकेदुखीची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, पांढरी जखम होते. सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेक नको, थंड पट्टी ठेवा.

भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन "किडे पाडणारे" अजून बाजारात बसतात. पाण्यात पडतात ते किडे नसतात, तापून फुटलेल्या बियांमधले कोंब असतात. दातात किडा नसतो हे फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८ साली लिहून ठेवलंय. धुरी देणाऱ्याला त्याचं काही नाही.

मिसरीचं काय सांगावं? बायका म्हणतात, तिच्याशिवाय सकाळ होत नाही. ती जळकी तंबाखू आहे. दात घासत नाही, झिजवते आणि ठणका दाबते, म्हणून तुम्ही उशिरा येता. शिवाय तंबाखू तोंडाच्या कॅन्सरला आमंत्रण.

मुलांचं

सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून आई-बाप तिला दुधाचीच समजतात आणि "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. ती आयुष्यभराची दाढ असते. तिच्या खाचा खोल असतील तर आम्ही सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ लेप लावतो. सुई नाही, ड्रिल नाही, थोड्या वेळाचं काम. दुधाच्या मागच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात, किडल्या तर भरून घ्या.

बिस्किटाचा पुडा दिवसभर हातात देऊ नका. मोठ्यांनाही तेच. ताटभर पुरणपोळी एकदा खाल्ली तर तोंड तासाभरात सावरतं, पण दिवसातून सहा वेळा अर्धा-अर्धा कप गोड चहा घेतला की लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. रात्री ब्रश करून झोपा. पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड लिहिलेलं बघा. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. घासल्यावर थुंका, खळखळून चूळ भरू नका.

बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर लहानपणापासून ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात. ती कीड नाही. घाबरून दात घासून काढू नका, दाखवून घ्या.

हनुवटीखाली कडक सूज, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास लागला, तर आमची वाट बघू नका, रात्र असली तरी थेट अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जा.

उसतोडीला जाणाऱ्यांसाठी दसऱ्याआधीच्या तारखा आम्ही राखून ठेवतो. निघायच्या किमान महिनाभर आधी या, कॅपसकट करून देतो. शुगरची, बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिची पट्टी सोबत आणा. आणि तुमच्या कार्डावर लाल पेनानं लिहिलेलं असेल, तर दाढ दुखत नसली तरी या. नंबर लावायची गरज नाही, कार्ड दाखवा, मध्येच घेतो.