मुंबईच्या बागांतली ‘हॉली’: पार्श्वभूमी

मुंबईच्या रोपवाटिकांत ‘मिनिएचर हॉली’ किंवा ‘सिंगापूर हॉली’ म्हणून मिळणारे सदाहरित झुडूप मूळचे कॅरिबियन बेटांवरचे आहे. त्याचे माल्पिगिया कॉक्सिजेरा हे शास्त्रीय नाव १७५३ सालचे. युरोपातली हॉली, म्हणजे इलेक्स अक्विफोलियम, हिचेही नामकरण त्याच वर्षीचे; मात्र दोघींची कुळे अगदी वेगळी. इलेक्सला थंड हवा लागते. मुंबईच्या दमट उकाड्यात तिची आशा धरू नये.

तरीही बागेच्या आराखड्यात नुसते ‘हॉली’ लिहिले जाते आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. बरेच जण काटे बघून झाड ओळखतात. ते चुकीचे आहे, कारण माल्पिगियाच्या एकाच झुडपावर काटेरी आणि बिनकाट्याची अशी दोन्ही पाने सापडतात. आधी फांदी बघावी. पाने समोरासमोर जोडीने असतील तर माल्पिगिया, एकाआड एक असतील तर इलेक्स. खाडीकाठच्या दलदलीत वाढणाऱ्या मारांडी या झुडपाचीही पाने समोरासमोर आणि काटेरी असतात, पण ती बोटभर लांब. माल्पिगियाचे पान जेमतेम दोन सेंटिमीटर. फुलांवरून तर शंकाच उरत नाही. माल्पिगियाच्या पाच फिकट गुलाबी पाकळ्या देठाशी निमुळत्या आणि कडेला झालरीच्या असतात. इलेक्समध्ये नर आणि मादी झाडे वेगळी, म्हणून लाल फळांसाठी दोन्ही लावावी लागतात. तोच नियम इथे लावून ‘जोडी’ विकत घेणे निरर्थक आहे. माल्पिगियाचे फूल द्विलिंगी असते.

मुंबईच्या जुन्या बागांची कुंपणे मुख्यतः मेंदी आणि कोयनेलची. १९९१ च्या विकास नियमांनी गिरण्यांच्या जमिनी पुनर्विकासाला खुल्या झाल्या, पुढे टॉवर आले आणि बागा पोडियमच्या, म्हणजे टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या मजल्यांच्या, स्लॅबवर चढल्या. तिथे माती थोडी, म्हणून बुटके, सावकाश वाढणारे झुडूप सोयीचे ठरले. पण त्याच भरात कोयनेल हटवली गेली, हे योग्य झाले नाही. कोयनेल इथल्याच किनाऱ्याची, खारा वारा सहज सोसणारी. जमिनीवरच्या उंच कुंपणाला तीच हवी. माल्पिगियाची जागा वाफ्याच्या काठाला, गुडघाभर उंचीत.

लागवड पावसाळ्याच्या सुरुवातीला छाट कलमाने करावी. अर्धवट पक्व फांदीचे ८ ते १० सेंटिमीटरचे तुकडे घ्यावेत, खालची पाने काढावीत आणि वाळू व कोकोपीटच्या समभाग मिश्रणात सावलीत लावावेत. मुळे फुटायला दीड-दोन महिने लागतात. काठासाठी दोन रोपांत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर पुरते. ऊन भरपूर हवे. सावलीत झुडूप विरळ होते. दर आठवड्याला कात्री चालवली की कळ्याच कापल्या जातात, म्हणून मोठी छाटणी बहर ओसरल्यावरच करावी.

पाणी नीट देऊनही झुडूप पिवळे पडून खुंटले तर ते उपटून मुळे तपासावीत. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी, आहेत. कुंडीतले रोप मातीसकट काढून टाकावे, ती माती दुसऱ्या वाफ्यात घालू नये; नव्या मातीत निंबोळी पेंड मिसळावी.