नवी भाषा रचायची, तर शब्दांची घाई नको

नवी भाषा रचायला बसलेला माणूस आधी वहीत शब्दांची यादी करू लागतो. पाणी म्हणजे अमुक, घर म्हणजे तमुक. पाचपन्नास शब्द होतात आणि लक्षात येतं, ही मराठीच आहे, नुसता वेष बदललेली.

त्यापेक्षा आधी ध्वनी ठरवावेत. हवाई बेटांच्या मूळ भाषेचं ८ व्यंजनं आणि ५ स्वरांत भागतं. 'मेरी ख्रिसमस'चं तिथे 'मेले कालिकिमाका' झालं. आपण त्याहून कंजूष होऊ: प, त, क, म, न, ल, स ही ७ व्यंजनं, आ, ई, ऊ हे ३ स्वर. प्रत्येक अक्षरात एक व्यंजन आणि एक स्वर, जोडाक्षर नाही. अक्षरं झाली २१, दोन अक्षरी शब्द ४४१. सुरुवातीला पुष्कळ झाले.

मग व्याकरण. झामेनहॉफ यांनी १८८७ साली एस्पेरांतो ही स्वतः रचलेली भाषा प्रसिद्ध केली ती १६ नियमांत. जगाला चटकन शिकता यावी हा त्यांचा हेतू. आपल्याला असली जबाबदारी नाही, तेव्हा बोलणाऱ्याला थोडं छळायला हरकत नाही.

हवाईत वाट सांगताना 'समुद्राकडे' आणि 'डोंगराकडे' असे शब्द सर्रास वापरतात. हे कोकणाला फिट्ट बसतं. डावं-उजवं काढून टाकू. समुद्राकडे '-ली', डोंगराकडे '-का', किनाऱ्याने उत्तरेला '-मू', दक्षिणेला '-ना'. जाण्यायेण्याचं क्रियापद या प्रत्ययाशिवाय अपुरं, आणि क्रियापद वाक्यात पहिलं. 'सूपा' म्हणजे जाणं, 'मानी' म्हणजे आजी. 'सूपाली मानी': आजी समुद्राकडे जाते. 'सूपाका मानी': आजी डोंगराकडे जाते. वेंगुर्ल्यात कुठे जाते हे न सांगता आजीबद्दल बोलताच येणार नाही.

खरी गंमत भूगोल आडवा येतो तेव्हा. विजयदुर्गाची खाडी वळणं घेत आत खारेपाटणापर्यंत शिरते. तिथला होडीवाला '-ली' म्हणतो तेव्हा पाण्याची वाट धरायची, की सरळ पश्चिम? दोन गावांनी दोन उत्तरं दिली की झाल्या दोन बोली.

आणि पुण्याला गेलेल्यांचं काय? घाटावर सह्याद्री आणि समुद्र दोन्ही पश्चिमेलाच. '-ली' आणि '-का' एकाच दिशेला बोट दाखवू लागणार. एक प्रत्यय गळू द्यावा, किंवा '-का'चा अर्थ 'पूर्वेला' असा गोठवावा. मी दुसरा पर्याय घेईन: पुण्यातली नातवंडं हडपसरला जातानाही 'सूपाका' म्हणतील, आणि तसं का म्हणायचं हे त्यांना सांगता येणार नाही.