‘मन उडालं’ म्हणून सेट परत आणण्याआधी

(घरच्या कॉम्प्युटरवर सिममध्ये, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, विमान उडवण्यासाठी आमच्याकडून योक (विमानाचं स्टिअरिंग), थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) आणि पायानं चालवायचे पेडल असा सेट नेलेल्या आणि नेऊ पाहणाऱ्या ग्राहकांसाठी)

सेट घरी गेल्यावर साधारण तिसऱ्या आठवड्यात फोन येतो. ‘योकमध्ये काय तरी प्रॉब्लेम आहे हो, पहिल्यासारखी मजा येत नाही.’ घेऊन या म्हणतो. टेबलावर जोडून बघतो तर बहुतेक वेळा योक ठणठणीत असतो. मागे निपाणीचे एक काका आले, तर पेडलवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. विचारलं, काका, उडता कुठं? म्हणाले, ‘सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) वर जातो, ऑटोपायलट लावतो, जेवायला उठतो.’ आणि परत येऊन बसल्यावर? ‘खाली समुद्र असतो.’

अशा वेळी लोक नवीन विमान मागतात. जेट द्या, मोठं द्या. आम्हाला विकायला काय जातंय? पण दोन महिन्यांनी तोच फोन येतो, आणि सेट तपासण्यात आमचा शनिवार जातो. म्हणून हा कागद.

दुकानात आम्ही सांगतो की प्रत्येक फेरीला काम ठरवा. लोक मान डोलावतात आणि वहीत लिहितात, ‘बेळगाव ते गोवा.’ खरी चूक इथंच होते. गोवा हे ठिकाण झालं, काम नव्हे. काम म्हणजे काय न्यायचं, कुणासाठी, किती वाजायच्या आत, आणि काय झालं तर अर्ध्यातून माघारी फिरायचं. शेवटचं कलम लोक हमखास गाळतात, आणि ते गाळलं की बाकीचे तीन शोभेचे राहतात. जे काम फसूच शकत नाही, त्यात हात कशाला घामेजतील?

हेच गोव्याचं घ्या. फेब्रुवारीची संध्याकाळ लावा. सेसना 172 या चार जणांच्या छोट्या विमानात मागे 40 किलो कुंदा ठेवा. सामानाच्या कप्प्याची मर्यादा साधारण 54 किलो, तेव्हा चालतंय. मावशीच्या घरी लग्न आहे, सूर्य मावळायच्या आत गोव्याच्या दाबोळी विमानतळाला टेकायचं, आणि घाटावर ढग साडेसहा हजार फुटांच्या खाली असले तर परत फिरायचं. आता बघा काय काय डोक्यात येतं. अंतर सुमारे 54 सागरी मैल, 110 नॉटनं, म्हणजे ताशी 110 सागरी मैलांनी, अर्धा तास. साडेसहा हजार फुटांवरून दाबोळीच्या घिरटीच्या उंचीला (उतरण्याआधी धावपट्टीभोवती वळसा घेतात ती), म्हणजे 1,200 च्या आसपास यायचं, तर 5,300 फूट उतरायचे. मिनिटाला 500 फूट धरले तर जवळजवळ 11 मिनिटं, म्हणजे 20 सागरी मैल आधीच नाक खाली घालायला हवं. चोर्ल्याचा घाट मागे पडतो न पडतो तोच ही वेळ येते. आणि 26 नंबरच्या धावपट्टीवर उतरताय म्हणजे तोंड पश्चिमेला, मावळता सूर्य थेट डोळ्यांत. तशात पायांनी नाक धावपट्टीच्या रेषेत ठेवायचं, तेव्हा पेडल कशासाठी घेतले ते कळतं.

आणखी एक. एप्रिलच्या दुपारी सांबऱ्याला पारा 35 वर ठेवून बघा. धावपट्टी मुळातच समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फुटांवर, त्यात उष्ण हवा विरळ. विमानाला वाटतं आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत. धावपट्टी लांब आहे, तेव्हा उठेल, पण वर चढायला कुरकुर करेल. त्यातच चार धडधाकट माणसं आणि पूर्ण टाकी एकदम भरली तर वजनाच्या मर्यादेतच बसत नाही. पाहुणे कमी करायचे की इंधन, हे ठरवा. सांबऱ्याहून कोल्हापूर 52 सागरी मैल, हुबळी 40. इंधनाचा हिशेब कागदावर करा, अर्ध्या तासाचं राखीव धरूनच.

विमानात काम भरायची ही काही आमची टूम नव्हे. 1932 च्या 15 ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले ते टपाल घेऊन. पुढे त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट यांनी तेच टपाल बळ्ळारीवरून मद्रासला नेलं. बळ्ळारी आपल्यापासून काही फार लांब नाही. ती फेरी जमेल तेव्हा करा, जुन्या पद्धतीनं, नकाशा बघत, जीपीएस बंद ठेवून.

जीपीएसशिवाय सुरुवात करायची तर रूळ सोपे. खानापूर, लोंढा, कॅसलरॉक, पुढे दूधसागर. रूळ डाव्या हाताला ठेवा, बोगदा आला की ते गायब होतात आणि पुढे कुठं निघतील याचा अंदाज बांधावा लागतो. दूधसागर 310 मीटरचा आहे, पण सिममध्ये तो प्रत्यक्षासारखा गर्जत कोसळेल अशी अपेक्षा ठेवू नका. हिडकल धरणाचं पाणीही पावसाप्रमाणे वरखाली होत नाही. पुराची पाहणी हे काम त्यामुळे जमत नाही, आम्ही करून बघितलंय.

वेळ पुढे ढकलायचं बटण, मध्येच थांबवणं, थेट धावपट्टीसमोर जाऊन बसणं, हे तिन्ही काम असलेल्या फेरीत वर्ज्य. सरावाला खुशाल वापरा.

आता आमच्या पद्धतीबद्दल. सेट देण्याआधी पंधरा मिनिटं चौकशी करतो म्हणून काही जण चिडतात. ‘पैसे देतोय की, प्रश्न कशाला?’ प्रश्न अशासाठी की पहिल्यांदाच घेणाऱ्याला जेटचा महागडा थ्रॉटल आम्ही देत नाही. त्या पैशात पेडल घ्या म्हणतो. धंद्याला हे महाग पडतं, पण तीन वर्षांनी तोच माणूस दुसरा सेट न्यायला येतो. आणि ‘कंटाळा आला’ या कारणावर माल परत घेत नाही. बिघाड असेल तर विनातक्रार बदलून देतो.

प्रत्येक सेटबरोबर आम्ही फेरीवही देतो. त्यात बारा कामं छापलेली आहेत, चारही कलमांसह; मागची पानं तुमच्यासाठी कोरी. वही संपली की पुढची घ्यायला या, तिचे पैसे पडत नाहीत. घरचा कॉम्प्युटर कमी पडतोय असं वाटलं तर खर्च करण्याआधी दुकानातल्या सेटवर एक फेरी मारून बघा, कारण पुष्कळदा चित्राची सेटिंग दोन पायऱ्या उतरवली की तेच मशीन पुरतं.

निपाणीच्या काकांना त्या दिवशी इथंच बसवलं आणि कोल्हापूरला औषधाचा खोका पोचवायला सांगितलं, पाचच्या आत. संकेश्वरच्या पुढे ढग खाली आले. काका खुर्चीत पुढे सरकले, दोनदा घड्याळ बघितलं, शिवी हासडली आणि माघारी वळले. औषध पोचलं नाही. सेट मात्र परत घरी गेला.

तेव्हा परत आणायचाच असेल तर खोक्याबरोबर फेरीवहीही आणा. कोरी असली तर आधी पहिलं पान इथंच भरून घेऊ, चहा आमच्याकडून.