फॉन्ट लायब्ररी कॉल : दोषशोधन (बेळगाव सीमाभाग)

पायथन, रुबी, पर्ल अशा स्क्रिप्टिंग भाषेतून संगणकातल्या मूळ फॉन्ट लायब्ररीची फंक्शने थेट चालवणे, म्हणजे फॉन्ट लायब्ररी कॉल. लिनक्सवर फॉन्टकॉन्फिग फॉन्ट शोधून देते, हार्फबझ अक्षरांची जुळणी ठरवते आणि फ्रीटाइप त्यांचे ठिपके उमटवते. विंडोजवर हीच कामे जीडीआय आणि डायरेक्टराइट करतात. या नोंदीतला तपशील पायथन आणि तिच्यातल्या सीटाइप्स (सी भाषेतल्या लायब्ररीची फंक्शने बोलावणारे) या मॉड्यूलला धरून आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, सोसायटीची सभासद यादी यांवर कन्नड आणि मराठी शेजारी शेजारी येतात. कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्ती कायद्याने फलकाचा ६० टक्के भाग कन्नडला ठेवणे बंधनकारक केले. त्यामुळे पाटीचा आराखडा स्क्रिप्टने करायचा तर दोन्ही ओळींची खरी रुंदी-उंची मोजावी लागते. एका लिपीत झाकून जाणारी चूक अशा कामात लगेच उघडी पडते.

प्रोग्राम कोसळणे : याचे सर्वांत मोठे कारण मूल्यांचे न सांगितलेले प्रकार (पूर्णांक, पत्ता वगैरे). फंक्शन काय परत देते हे सांगितले नाही, तर सीटाइप्स ते ३२ बिटांचा पूर्णांक धरते. हार्फबझचे बफर (मजकूर ठेवण्याची जागा) तयार करणारे फंक्शन मात्र मेमरीतला ६४ बिटांचा पत्ता देते. वरचे अर्धे बिट गळतात आणि पुढच्याच कॉलला ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (भलत्या मेमरीला हात लावल्याची चूक) येतो. कधी पत्ता योगायोगाने लहान असतो आणि स्क्रिप्ट नीट चालते, म्हणून ‘काल चालत होते’ हा पुरावा धरू नये. उपाय दुहेरी आहे : ‘रेसटाइप’मध्ये (परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार) व्हॉइड पॉइंटर, म्हणजे नुसता पत्ता, असे लिहायचे आणि ‘आर्गटाइप्स’ही (फंक्शनला दिलेल्या मूल्यांचे प्रकार) भरायचे. फक्त पहिले केले तर पत्ता साध्या पूर्णांकाच्या रूपात हाती येतो, आणि तो पुढे देताना पुन्हा ३२ बिटांत कापला जातो.

दुसरे कारण आकारमानाचे. हार्फबझच्या ग्लिफ (फॉन्टातली आकृती) माहितीची नोंद २० बाइटांची असते. तिच्यात ४ बाइटांचे पाच रकाने असतात आणि शेवटचे दोन लायब्ररीच्या खासगी वापराचे. निरुपयोगी म्हणून ते वगळले की पहिले अक्षर बरोबर येते आणि दुसऱ्यापासून कचरा. स्थानांची नोंदही २० बाइटांचीच, तिच्यात शेवटचा एक रकाना खासगी. फ्रीटाइपच्या ‘फेस’ (उघडलेला फॉन्ट) नोंदीचे पहिले पाच रकाने ‘लाँग’ प्रकारचे आहेत. ६४ बिटी लिनक्सवर लाँग ८ बाइटांचा, तर ६४ बिटी विंडोजवर ४ बाइटांचा. म्हणून तिथे ठरावीक ६४ बिटांचा पूर्णांक न लिहिता सीटाइप्सचा लाँगच लिहावा.

तिसरे कारण मेमरीतल्या वस्तूंच्या आयुष्याचे. फॉन्टची फाइल वाचून ती मेमरीतून फ्रीटाइपला दिली, तर फ्रीटाइप तिची प्रत करत नाही. फेस बंद होईपर्यंत ते बाइट पायथनच्या एखाद्या चलात धरून ठेवावे लागतात, नाहीतर पायथन ती जागा मोकळी करते. फ्रीटाइपच्या फेसवरून हार्फबझचा फॉन्ट करताना ‘रेफरन्स्ड’ नावाचे रूप वापरावे. साधे रूप फेसला धरून ठेवत नाही, त्यामुळे तिथे आधी हार्फबझचा फॉन्ट आणि मग फेस बंद करायचा, हाच क्रम पाळावा लागतो. फॉन्टकॉन्फिगने दिलेला फाइलचा मार्ग तिच्या पॅटर्नच्या (फॉन्टच्या माहितीची नोंद) मालकीचा असतो. तो आपण मोकळा करायचा नसतो, आणि पॅटर्न मोडण्याआधी त्याची नक्कल करून घ्यायची असते.

लायब्ररीच उघडत नसेल तर बिटांचा मेळ पाहावा. ३२ बिटी पायथन आणि ६४ बिटी डीएलएल (विंडोजवरची लायब्ररीची फाइल) असे झाले की विंडोज त्रुटी १९३ देते. पायथन ३.८ पासून विंडोजवर डीएलएलच्या उपलायब्ररी ‘पाथ’मध्ये (प्रणालीच्या फोल्डरांच्या यादीत) शोधल्या जात नाहीत. त्यांचा फोल्डर वेगळा नोंदवावा लागतो. कोसळण्याची नेमकी ओळ हवी असेल तर स्क्रिप्ट पायथनचे फॉल्टहँडलर मॉड्यूल चालू करून चालवावी.

न कोसळता चुकणे : हा वर्ग जास्त घातक, कारण चूक छापून हाती येईपर्यंत कळत नाही.

फ्रीटाइप जुळणी करत नाही. एकेक कोडबिंदू (युनिकोडमधला चिन्हाचा क्रमांक) देऊन ‘चिकोडी’ काढली तर पहिली वेलांटी ‘च’च्या डावीकडे न येता उजवीकडे पडते, आणि वाचणाऱ्याला ती ‘क’ची वाटते. ‘निपाणी’चेही तेच. पायथनची पिलो लायब्ररी वापरणाऱ्यांनाही हा फटका बसतो : जुळणीसकट मांडणीसाठी तिला राक्म ही लायब्ररी लागते आणि राक्मला फ्रीबिडी ही दुसरी. त्या मिळाल्या नाहीत आणि मांडणीबद्दल काही सांगितलेही नसेल, तर पिलो गुपचूप साधी मांडणी वापरते. म्हणून सुरुवातीलाच राक्म आहे का हे विचारून, नसेल तर स्क्रिप्ट थांबवावी.

हार्फबझच्या एका बफरमध्ये एकच लिपी चालते. कन्नड-मराठी ओळ अख्खी दिली आणि लिपी ओळखण्याचे काम तिच्यावर सोडले, तर पहिल्या अक्षराची लिपी साऱ्या ओळीला लागते. ओळीचे लिपीनुसार तुकडे आपणच करावेत. दंड (।) दोन्ही लिपींना सामाईक आहे, तो आधीच्या तुकड्यासोबत ठेवावा. मराठी तुकड्याला भाषा ‘एमआर’ सांगायला विसरू नये. बऱ्याच देवनागरी फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे असतात, पण ती भाषा सांगितल्यावरच मिळतात.

अर्ध्या ‘र’कडे विशेष लक्ष हवे. ‘ऱ’ला हलन्त लावून किंवा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक अशा दोन रीतींनी तो टंकला जातो, आणि जुन्या याद्यांत दोन्ही सापडतात. न दिसणारी चिन्हे काढून टाकणारी सफाईची ओळ दुसऱ्या रीतीतला जोडक उडवते. मग खानापूरच्या जंगलातल्या ‘दऱ्या’ समुद्राचा ‘दर्या’ होतात, आणि ‘शेतकऱ्यांची’ वर रफार चढतो. जोडकाला हात लावू नये.

फॉन्टकॉन्फिग कधीच ‘नाही’ म्हणत नाही. मागितलेला फॉन्ट नसला तरी जवळचा वाटेल तो देते. शोधाआधी पर्याय भरणारी तिची दोन्ही फंक्शने चालवावीत, आणि हाती आलेल्या कुटुंबाचे नाव मागितलेल्या नावाशी ताडून पाहावे. भाषा न सांगितल्यास ती लोकॅलवरून (संगणकाची भाषा-प्रदेशाची मांडणी) ठरते. एका संगणकाचे लोकॅल कन्नड आणि दुसऱ्याचे मराठी असेल, तर तीच स्क्रिप्ट दोन वेगळे फॉन्ट उचलू शकते. विंडोज १० वर मंगल आणि तुंगा हे फॉन्ट ऐच्छिक आहेत. निर्मला यूआयमध्ये दोन्ही लिपी आहेत.

जुन्या नुडी, श्रीलिपी किंवा कृतीदेव फॉन्टांत अक्षरे रोमन कोडांच्या जागी बसवलेली असतात. युनिकोड मजकूर दिल्यावर त्यांतून ग्लिफ शून्य, म्हणजे रिकामा चौकोन, येतो. दोष कॉलचा नसतो. मजकूर आणि फॉन्ट दोन्ही एकाच पद्धतीचे हवेत.

मोजमाप : फ्रीटाइपला आकार पॉइंटाच्या ६४व्या भागात द्यायचा असतो, म्हणजे १२ पॉइंटांसाठी ७६८. नुसते १२ दिले तर ती तो १ पॉइंट धरते आणि अक्षराचा ठिपका होतो. उलट बाजूने, एका अक्षरानंतर पुढे सरकण्याचे माप ६४ ने भागायला विसरले की अक्षरे ओळीबाहेर फेकली जातात. फ्रीटाइपवर बेतलेला हार्फबझचा फॉन्ट असताना आकार बदलला, तर तसे हार्फबझला कळवावे लागते, नाहीतर ती जुन्याच मापाने जागा देते.

अक्षरे मोजून रुंदी काढू नये. कन्नडमधले ‘बेळगावि’ ७ कोडबिंदूंचे आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटांचे, पण बहुतेक कन्नड फॉन्टांत ‘वि’ ही एकच आकृती असल्यामुळे ग्लिफ ७ पेक्षा कमी निघतात. मराठी ‘बेळगाव’ ६ कोडबिंदूंचे, १८ बाइटांचे. हार्फबझला लांबी बाइटांत द्यायची असते. तिथे ६ दिले तर फक्त ‘बे’ उमटते. जोडाक्षरे खाली लोंबणाऱ्या कन्नड ओळीची उंचीही प्रत्यक्ष शाईच्या चौकटीवरूनच घ्यावी.

चाचणीला चार शब्द पुरतात : चिकोडी, शेतकऱ्यांची, दऱ्या आणि कन्नडमधले बेळगावि. जुळणीनंतर एकही ग्लिफ शून्य नसावा, आणि ‘चिकोडी’त वेलांटीचा ग्लिफ पहिला येऊन तिचा आणि ‘च’चा क्लस्टर क्रमांक (ग्लिफ मूळ मजकुरात कुठून आला ते सांगणारा) दोन्ही ० असावेत. दऱ्या दोन्ही रीतींनी टंकून पाहावे. दोन्हींची आकृती एकच यायला हवी.