शिडावरून खांद्यावर: युद्धकथांतला क्रूस

जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल संत कॅथरिनच्या नावाने उभे आहे, आणि त्यामागे लढाई आहे. तिच्या सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला. पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवर लाल क्रूस असे. क्रूस जिंकणाऱ्याच्या बाजूने असतो, ही समजूत मात्र फार जुनी. ३१२ सालच्या लढाईआधी सम्राट कॉन्स्टंटाइनला तो आभाळात दिसल्याची कथा आहे, तिथपासूनची.

मराठीत क्रुसावरचा तारणारा अवतरला तोही गोव्यातच. १६१६ साली राशोलला छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त, ओवीच्या चालीवर. लिहिणारे फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. तीनशे वर्षांनी त्यांच्याच देशातल्या एका तरुण लेफ्टनंटने या तारणाऱ्याला खंदकात आणले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमला गेलेल्या इंग्रज पोरांना रस्तोरस्ती क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या मूर्ती दिसल्या. गोव्यातल्या साष्टी-बार्देशच्या माणसाला वाटेवरच्या खुरसाचे, म्हणजे क्रुसाचे, नवल नाही. प्रॉटेस्टंट घरांतल्या या मुलांना होते. तोफांनी काही मूर्तीही फोडल्या. तो तरुण लेफ्टनंट म्हणजे कवी विल्फ्रेड ओवेन. त्याच्या कवितेत अशाच एका मूर्तीचा अवयव तुटला आहे, शिष्य लपून बसलेत, आणि तिच्यासोबत सोसताहेत ते सैनिक. १९१८ च्या एका पत्रात तर तो रंगरुटांच्या कवायतीबद्दल सांगतो, की आपण ख्रिस्ताला हुकमाबरहुकूम क्रूस उचलायला शिकवत होतो. म्हणजे शिकवणारा स्वतः कोणाच्या बाजूला उभा आहे, हे त्याने ओळखले होते. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला, युद्ध थांबायला आठवडा उरला असताना, तो मारला गेला.

प्रचारालाही ही प्रतिमा सोयीची होती. जर्मनांनी एका कॅनेडियन सैनिकाला क्रुसावर ठोकले, ही १९१५ ची अफवा कधीच सिद्ध झाली नाही, तरी तिच्यावर ब्राँझचे शिल्प घडले.

कादंबरीत याचा सगळ्यात हट्टी प्रयोग अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरचा: ‘अ फेबल’, १९५४. त्यावर त्याने जवळजवळ दहा वर्षे घालवली. त्याच महायुद्धातली एक फ्रेंच पलटण हल्ला करायला नकार देते. या बंडामागे तेहतीस वर्षांचा एक कॉर्पोरल आणि त्याचे बारा साथीदार. त्याला दोन गुन्हेगारांच्या मध्ये बांधून गोळ्या घालतात, आणि कोसळताना डोक्याला काटेरी तार गुंडाळते. पुस्तकाला पुलित्झर मिळाले. मला मात्र ही जुळवाजुळव जड वाटते. बायबलचा एकेक प्रसंग हजेरीपटावर टिपून घेतल्यासारखी. पण शेवट विसरता येत नाही. तोफगोळ्याने थडगे उकरले जाते, प्रेत हरवते, आणि लढायला नकार दिलेला हा माणूस पॅरिसच्या विजय-कमानीखाली अज्ञात सैनिक म्हणून, सरकारी इतमामात, पुरला जातो.